तिखाडीच्या मुलखात दार्जिलिंग

पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा आणि मुरवलेला अशा नावांनी ओळखले जाणारे चहाचे सर्व प्रकार कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाच्या पानांपासून तयार होतात, आणि त्यांच्यातील फरक मुख्यतः पान खुडल्यानंतर त्याच्यावर कोणते संस्कार होतात यावर ठरतो. खुडलेले पान कोमेजू दिले, चुरगाळले आणि हवेत पसरून ठेवले की त्यातील पॉलिफेनॉल या तुरट द्रव्यांचा प्राणवायूशी संयोग होऊन ते तांबूस होत जाते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते ती हीच क्रिया, आणि तिला ऑक्सिडीकरण म्हणतात. वाफ देऊन किंवा तापलेल्या कढईत परतून ही क्रिया सुरुवातीलाच थांबवली तर हिरवा चहा होतो, अध्येमध्ये थांबवली तर ऊलाँग होतो आणि पुरी होऊ दिली तर काळा चहा होतो. पानाला धक्का न लावता नुसते कोमेजवून वाळवले तर पांढरा चहा मिळतो, आणि तयार पान सूक्ष्मजीवांच्या हवाली करून मुरू दिले तर चीनच्या युन्नान प्रांतातील पू-अर तयार होतो.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तापी आणि सिपना यांच्या खोऱ्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या मेळघाटातील धारणी तालुक्यात या विविधतेचा मागमूस सहसा दिसत नाही. येथील किराणा दुकानांत पुड्यातून किंवा तोलून मिळणारी चहापत्ती जवळजवळ सगळी सीटीसी पद्धतीची असते. सीटीसी म्हणजे दातेरी रुळांच्या जोड्यांतून पान चिरडून, फाडून आणि वळवून त्याचे बारीक दाणे पाडण्याची पद्धत. १९३० मध्ये आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने ती प्रथम वापरात आणली. दाणा बारीक असल्यामुळे त्याचा अर्क दोन-तीन मिनिटांत उतरतो, रंग गडद येतो, थोड्या पत्तीत अनेक कप होतात आणि दूध-साखरेच्या माऱ्यापुढेही चव टिकून राहते; भारतीय स्वयंपाकघराने हा चहा स्वीकारला तो या गुणांमुळे, आणि तो स्वीकार चुकीचा होता असे म्हणण्याचे काही कारण नाही. मात्र पान फाडताना त्यातील सुगंधी द्रव्यांचा बराचसा नाजूक भाग हरवतो, म्हणून सीटीसीमध्ये कडकपणा मिळतो, वास फारसा मिळत नाही. न फाडता, नुसते वळून वाळवलेल्या पानाला व्यापारात ऑर्थोडॉक्स चहा म्हणतात, आणि भारतात दरवर्षी होणाऱ्या सुमारे १३० कोटी किलो चहात त्याचा वाटा साधारण एक दशांश आहे. घरी निरनिराळे चहा चाखून पाहायचे म्हणजे बहुतांशी या एक दशांशाकडे वळायचे असते.

तसे वळण्यात महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांना जी अडचण येते, ती मेळघाटाला नाही. पानाच्या चहाची चव दुधाशिवायच कळते, आणि बिनदुधाचा चहा, ज्याला मराठीत कोरा चहा म्हणतात, तो मेळघाटातील कोरकू पाड्यांवर रोजच्या वापरातला आहे. ही आवडनिवड म्हणून सुरू झालेली गोष्ट नव्हे. या डोंगरांत दुभती जनावरे प्रामुख्याने गवळी समाजाकडे राहिली, आणि रस्ते दूर असल्यामुळे दुधाचा खवा किंवा तूप करून ते परतवाडा-अमरावतीकडे पाठवणे त्यांना परवडत असे. त्यामुळे दूध जिथे निघते त्या गावातही चहात घालायला दूध असतेच असे नाही. खाली मैदानातल्या पाहुण्याला कोरा चहा पुढे करताना घरची बाई ओशाळते, कारण वऱ्हाडात दूध नसलेला चहा हा गरिबीचा कबुलीजबाब मानला जातो. जपानपासून युन्नानपर्यंत आणि दार्जिलिंगच्या मळ्यांतील चव परीक्षकांपर्यंत चहा जाणणारी माणसे बहुधा दुधाला हात लावत नाहीत, ही बाब तिच्यापर्यंत कधी पोहोचलेली नसते.

चहात दूध घालणे ही भारतातील फार जुनी परंपरा नाही, किंबहुना सर्वसामान्य भारतीयाने चहा पिणे हीच फार जुनी परंपरा नाही. आसामातील चहाच्या पहिल्या पेट्यांचा लिलाव लंडनमध्ये १८३९ च्या जानेवारीत झाला, आणि त्यानंतर अनेक दशके इथला चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकवला गेला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्कार आला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. तिथे वाद चहापेक्षा तो कोणाच्या हातचा घेतला याचा होता हे खरे, परंतु चहाच्या पेल्याने एवढे वादळ उठावे इतका तो पेला तेव्हा नवखा होता हेही त्यातून दिसते. चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार करण्याचा कायदा १९०३ मध्ये झाला, आणि रेल्वे स्थानकांवरील फलक, फुकट वाटलेले कप, गावोगावची प्रात्यक्षिके यांच्या जोरावर पुढच्या तीन-चार दशकांत चहा देशभर पसरला. प्रचारकांनी शिकवलेली कृती पत्ती मोजून टाकण्याची आणि दूध बेताने घालण्याची होती; लोकांनी ती बाजूला ठेवून आपल्या परीने उकळी काढली.

चव घेणे म्हणजे शरीराच्या पातळीवर काय घडते हे समजून घेतले तर पुढचा विचार सोपा होतो. आधुनिक शरीरशास्त्र जिभेच्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा पाच रुची मानते. उमामी ही रश्शाला, शिजवलेल्या डाळीला, टोमॅटोला येणारी भरीव रुची, आणि सावलीत वाढवलेल्या जपानी हिरव्या चहात ती ठळक असते. तुरटपणाला या यादीत जागा नाही, कारण पॉलिफेनॉल लाळेतील प्रथिनांना धरतात आणि तोंड कोरडे पडल्याची जी जाणीव होते ती स्पर्शाची आहे असे हे शास्त्र सांगते. आयुर्वेदाने मात्र कषाय हा सहा रसांपैकी एक मानला, आणि मराठी माणूस आवळा, जांभूळ, कच्चे केळे यांच्या निमित्ताने तो लहानपणापासून ओळखतो. मेळघाटाच्या जंगलात आवळा आणि हिरडा दोन्ही मुबलक आहेत. आवळा चावून वर पाणी प्यायले की पाणी गोड लागते, हा इथल्या प्रत्येक गुराख्याचा अनुभव आहे. घोट गिळल्यानंतर घशातून परत येणाऱ्या नेमक्या अशाच गोडीला चिनी चहाशौकीन हुई गान म्हणतात आणि उत्तम चहाची ती खूण मानतात. काळ्या चहाकडून अपेक्षा असते ती या क्रमाची, की तुरटपणा आधी जाणवावा, लवकर सरावा आणि मागे गोडी राहावी. ज्याचा तुरटपणा जिभेवर तळ ठोकून बसतो तो चहा एक तर हलक्या प्रतीचा असतो किंवा जास्त वेळ भिजवलेला असतो.

रुचीपेक्षा मोठा वाटा वासाचा असतो, आणि हा वास नाकपुड्यांतून कमी, तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात चढून अधिक येतो. व्यावसायिक परीक्षक भुरका मारून चहा ओढतात तो यासाठीच, कारण भुरक्याबरोबर द्रवाचे तुषार उडून त्यातील उडनशील द्रव्ये त्या वाटेने वर जातात. बशीतून फुर्र करून चहा पिणाऱ्यांना शहरी घरांत शिष्टाचाराचे धडे दिले जातात. चव घेण्याच्या दृष्टीने त्यांची पद्धत निर्दोष आहे.

आता मेळघाटाच्या खास मालमत्तेकडे वळता येते. पावसाळा सरला की या डोंगरांच्या उघड्या उतारांवर कमरेएवढे, कधी डोक्याएवढे गवत फुलावर येते, त्याला वऱ्हाडात तिखाडी आणि इतरत्र रोशा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे असून घरोघरी कुंड्यांत लावलेला गवती चहा हा त्याचा जवळचा भाऊबंद आहे. दोघांचे वास मात्र वेगळे. गवती चहातील तेलात सिट्रल हे लिंबाच्या वासाचे द्रव्य प्रमुख असते, तर तिखाडीच्या मोतिया नावाच्या जातीच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जेरॅनिऑल हे गुलाबाच्या वासाचे द्रव्य असते. फुललेली तिखाडी तळहातावर चोळली तर प्रथम एक उग्र, किंचित तिखट झणका येतो आणि तो विरला की त्याखालचा गुलाब वर येतो. ओढ्याकाठी भट्ट्या लावून, गवत पाण्यात उकळून त्याचे तेल काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड आणि एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात भरभराटीला आला होता, आणि हे तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातून तुर्कस्तानपर्यंत जात असे. गुलाबाच्या महागड्या अत्तरात ते बेमालूम मिसळता येते, हे त्या व्यापारामागचे उघड गुपित होते. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियमचे तेल असे नाव पडले, आणि ते सातपुड्यातून येते हे पुष्कळ गिऱ्हाइकांना ठाऊकही नव्हते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की जेरॅनिऑल हेच दार्जिलिंग चहाच्या सुगंधातील एक मुख्य द्रव्य आहे. दार्जिलिंगला १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी चहाची रोपे लावली, आणि पुढे तेथे प्रामुख्याने बारीक पानाची चिनी जात रुजली. आसामच्या रुंद पानाच्या जातीत लिनॅलूल या द्रव्याचे प्रमाण अधिक, तर चिनी जातीत जेरॅनिऑलचे अधिक, असा फरक रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवला आहे. ताज्या पानात हे द्रव्य साखरेच्या रेणूला जखडलेले असल्यामुळे त्याला वास नसतो. पान कोमेजते आणि चुरगाळले जाते तेव्हा पानातीलच विकरे ही गाठ सोडवतात आणि सुगंध मोकळा होतो. मे-जूनमध्ये खुडल्या जाणाऱ्या दुसऱ्या बहरात आणखी एक कारण जोडले जाते, ते असे की तुडतुड्यासारखी एक हिरवी कीड कोवळ्या पानांचा रस शोषते, झाड तिच्याविरुद्ध प्रतिकाराची द्रव्ये निर्माण करते आणि त्यांतून चहाला मस्कटेल नावाचा, मस्कत जातीच्या द्राक्षाची आठवण करून देणारा गंध येतो. कपाशीवरच्या तुडतुड्यांनी गांजलेल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला किडीचे हे कौतुक पचणे जड जाईल.

चहाच्या चवीचे प्रचलित वर्णनकोश इंग्लंड, चीन आणि जपान येथे घडले, म्हणून त्यांत मस्कत द्राक्ष, माल्ट, चेस्टनट, पाइनचा धूर असे शब्द येतात. धारणीच्या वाचकाने मस्कत द्राक्ष पाहिलेले नसते, आणि पाकिटावरचे हे वर्णन वाचून तो आपल्याला काही कळत नाही असा समज करून घेतो. वस्तुतः दार्जिलिंगचा पहिला घोट घेताना तिखाडीची आठवण ठेवणारा माणूस त्या चहाच्या गाभ्याशी पोहोचलेला असतो, कारण येथे उपमा आणि रसायन एकच आहेत. हाच मार्ग इतर चहांनाही लागू पडतो, जरी तेथे साम्य एवढे काटेकोर नसले तरी. चीनमधील लाँगजिंग हा कढईत परतलेला हिरवा चहा. त्याचे वर्णन चेस्टनटने करतात, परंतु वऱ्हाडात निखाऱ्यावर भाजलेल्या ज्वारीच्या हुरड्याचा वास त्याला अधिक जवळचा आहे. वाफवलेल्या जपानी सेन्चात ओल्या वाटाण्याचा आणि नुकत्याच उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो. आसामच्या ऑर्थोडॉक्स पानातील माल्टचा गंध म्हणजे मोड आणून वाळवलेल्या आणि मग भाजलेल्या धान्याचा गंध होय. लॅपसांग सुशाँग हा फूजियान प्रांतातील चहा पाइनच्या धुरावर वाळवतात, आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खाणाऱ्या प्रांताला धुराच्या चवीची ओळख करून देण्याची गरज नाही. मुरवलेल्या पू-अरचा पहिला वास पुष्कळांना नकोसा वाटतो. भर पावसाळ्यात सागवनातील कुजलेल्या पाल्याखालची माती उकरली असता जो दर्प येतो त्याच्याशी तो जुळतो, आणि त्या दर्पाची ज्याला सवय आहे त्याला तो चहा लवकर वश होतो.

पू-अरच्या निमित्ताने एक आडवळण घेण्यासारखे आहे. युन्नानमधील जिंगमाय डोंगरावरची जुनी चहाची राने २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि ही राने पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांत ब्लांग हा समाज प्रमुख आहे. ब्लांग लोकांची भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातील आहे. त्याच कुळाची सर्वांत पश्चिमेकडची शाखा म्हणजे सातपुड्यात बोलली जाणारी कोरकू. यावरून कोरकूंचा चहाशी प्राचीन संबंध जोडणे अर्थातच चुकीचे ठरेल, कारण मेळघाटात चहा दुकानांतूनच आला. तरी एका दूरच्या भाषिक नात्यातील दोन समाज, एक चहाचे रान राखणारा आणि दुसरा चहा कोराच पिणारा, एकमेकांपासून खूप दूर आहेत, एवढे नमूद करायला हरकत नाही. चहा मेळघाटात पिकत नाही. पिकते ती कॉफी, चिखलदऱ्याला, ब्रिटिश काळापासून.

पाण्याचा प्रश्न मात्र वऱ्हाडात गंभीर आहे, आणि चहावरच्या परदेशी पुस्तकांत तो दोन ओळींत आटोपतो. सातपुड्याच्या दक्षिणेला, पूर्णा नदीच्या गाळाच्या प्रदेशात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल इतके खारट आहे की त्यात कोणत्याही नाजूक पानाचा निभाव लागत नाही. धारणी त्या पट्ट्याच्या बाहेर असली तरी काळ्या कातळातील विहिरी आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर थोड्याच वेळात तपकिरी साय धरते. ती पत्तीतील भेसळ असल्याची समजूत सर्वत्र आढळते, परंतु लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो यांच्या १९९३ मधील संशोधनाने ती कॅल्शियम आणि ऑक्सिडीकरण झालेली चहाची द्रव्ये यांच्या संयोगातून बनते हे दाखवून दिले. लिंबाचे दोन थेंब पिळले की ती धरत नाही. आरओ यंत्राचे अगदी क्षारमुक्त पाणी हा दुसरा टोकाचा पर्याय, आणि त्यात चहा निर्जीव लागतो. जड पाण्यात असे पाणी निम्मेनिम मिसळणे किंवा स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी वापरणे हा मधला आणि स्वस्त मार्ग आहे.

साहित्य फारसे लागत नाही. चव परीक्षकांसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पान आणि ६ मिनिटे असा हिशेब आहे, पण तो दोष उघडे पाडण्यासाठी आहे, आस्वादासाठी नाही. घरी काळ्या चहाला ३ ते ४ मिनिटे पुरतात. झाकण असलेला चिनी मातीचा किंवा काचेचा पेला आणि एक गाळणी एवढ्यावर काम भागते, फक्त ज्या पातेल्यात रोज आले-वेलची उकळते ते पातेले पाणी तापवायलाही घेऊ नये. पान पाण्यात उकळायचे नसते, उकळलेले पाणी पानावर ओतायचे असते. काळ्या चहाला खळखळ उकळीचे पाणी लागते, आणि धारणीला ते ९९ अंशांच्या आसपास मिळते, तर हजार मीटरहून उंच चिखलदऱ्याला पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळते. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश पुरेत; तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओतावे आणि मग पानावर घालावे, कारण दर ओतण्यासरशी ते साधारण आठ-दहा अंशांनी निवते. हिरवा चहा कडू म्हणून टाकून देणारी बहुतेक घरे त्यावर उकळते पाणी ओतत असतात. ऊलाँग आणि पू-अर यांची पाने तीन-चार वेळा पाणी घेतात, प्रत्येक खेपेला चव पालटते, आणि चाखण्याचा खरा आनंद या पालटात आहे. तुलना करायची तर एका बैठकीत दोन किंवा तीनच चहा, तेही शेजारी शेजारी ठेवून, कोमट होईपर्यंत चाखावेत. अतिगरम घोटात वास कळत नाही.

खर्चाचा आक्षेप हिशेबाने तपासावा. किलोला २,००० रुपये भावाचे पान घेतले तरी एका पेल्याला लागणाऱ्या २ ग्रॅमची किंमत ४ रुपये होते, आणि त्यात दूध-साखरेचा खर्च नसतो. खरी अडचण मिळण्याची आहे, कारण अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि तेथेही निवडीला वाव थोडा. टपालाने किंवा कुरिअरने मागवणे हाच व्यवहार्य मार्ग. दार्जिलिंग मागवताना पाकिटावर मळ्याचे नाव, बहर आणि वर्ष पाहावे. २००४ मध्ये भारतातील पहिले भौगोलिक निर्देशांकन या चहाला मिळाले, आणि नोंदलेल्या ८७ मळ्यांबाहेरच्या चहाला हे नाव लावता येत नाही, तरीही नुसते ‘दार्जिलिंग’ छापलेली पाकिटे विकली जातात. आणलेले पान हवाबंद डब्यात, मसाल्यांच्या फळीपासून दूर ठेवावे.

एक इशारा मेळघाटासाठी आवश्यक आहे. चहातील पॉलिफेनॉल धान्य आणि पालेभाज्यांतील लोहाला धरून ठेवतात, आणि जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे त्या लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. जेथे स्त्रिया आणि मुलांमधील रक्तक्षय आणि कुपोषण हा अनेक दशकांचा प्रश्न आहे तेथे ही बाब किरकोळ नाही. कोरा असो वा दुधाचा, काळा असो वा हिरवा, चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा, गरोदर स्त्रीने बेताने घ्यावा आणि लहान मुलांना देऊ नये.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने हिरव्या चहापासून करू नये, कारण त्याची जाहिरात औषध म्हणून झाली आहे आणि औषधासारखा घेतलेला पेला कुणी चाखत नाही. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराचे ५० ग्रॅम आणि आसामच्या ऑर्थोडॉक्स पानाचे ५० ग्रॅम मागवावेत, दोन्ही कोरे आणि बिनसाखरेचे करावेत, आणि दिवाळीच्या सुमारास रानात तिखाडी फुललेली असते तेव्हा तिची एक काडी चुरून आधी हुंगावी. दोन पेल्यांपैकी दार्जिलिंग कोणते हे मग विचारावे लागत नाही.